खिडकी उघडू की लावू?

पुण्यात जन्म गेलेल्या माणसाला इथल्या हवेचा पिढीजात अभिमान असतो. पूर्वी लोक हवापालटाला इथे यायचे, मुंबईत नोकऱ्या करून निवृत्त झालेले इथे घर बांधायचे, आणि हे सगळं आपल्याच कर्तबगारीने घडलं अशा थाटात आम्ही ते सांगत असतो. माझ्या सासूबाई मुंबईला दोन दिवस राहून आल्या की गॅलरीत उभ्या राहून मोठा श्वास घेतात आणि म्हणतात, "आता कसं बरं वाटलं." समोर पुनर्विकासासाठी पाडलेल्या सोसायटीचा राडारोडा पडलेला असतो, जेसीबी चालू असतो, आणि सकाळी पुसलेल्या कठड्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. तरी हवा पुण्याची!

आईंना दमा आहे. मागच्या हिवाळ्यात तो जरा जास्तच हट्टाला पेटला, तेव्हा डॉक्टरांनी वही घालायला सांगितली. खोकला कधी आला, किती वेळ टिकला, त्याआधी काय चाललं होतं, हे त्यात लिहायचं. आईंनी वही मनापासून भरली. "सायंकाळी ७. खोकला. कारण माहीत नाही." "पहाटे ४. खोकला. कारण माहीत नाही." या 'कारण माहीत नाही'च्या शेजारी काहीतरी लिहिता यावं म्हणून घरातली हवा मोजणारं, हातात मावेल असं यंत्र घ्यायचं ठरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला आमच्याकडे कुणी यंत्र म्हणत नाही. आई डबी म्हणतात, म्हणून आम्हीही डबीच म्हणतो.

बाजारात अशा डब्या दोन-तीन हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळतात. खोक्यावर यादी असते: पीएम १, पीएम २.५, पीएम १०, फॉर्मल्डिहाइड, व्हीओसी (म्हणजे अत्तर-अल्कोहोलसारख्या चटकन उडणाऱ्या वाफा), कार्बन डायऑक्साइड, तापमान, आर्द्रता आणि शेवटी एक्यूआय, म्हणजे हवा किती वाईट ते एका आकड्यात सांगणारा निर्देशांक. गंमत अशी की स्वस्त डब्यांची यादी महागड्या डब्यांपेक्षा लांब असते. कारण उघड आहे. मोजायला पैसे पडतात, अंदाज फुकट बांधता येतो.

यातली मन लावून मोजली जाणारी गोष्ट म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण इतके बारीक, की नाक-घसा चुकवून ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. डबीच्या पोटात एक चिमुकला पंखा हवा आत ओढतो. आत लेझरचा किरण असतो. त्यातून कण गेला की प्रकाश विखुरतो आणि बाजूला बसवलेली प्रकाशपेशी ती चमक टिपते. कवडशात नाचणारी धूळ दाखवून मी मुलांना जे शिकवते, तेच इथे चालतं.

म्हणजे डबी धूळ तोलत नाही. ती चमका मोजते आणि त्यावरून घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम असतील याचा हिशेब मांडते. कणाचा आकार, घनता, रंग सगळं गृहीत धरलेलं. सरकारी केंद्रांवरची बीटा किरणांची यंत्रं फितीवर धूळ गोळा करतात, त्या थरात किरण किती अडले ते बघतात आणि त्यावरून वस्तुमान काढतात. त्या यंत्रांची किंमत लाखांत असते. डबीकडून तेवढी अपेक्षा धरणंच चूक. प्लानटॉवर कंपनीचा पीएमएस ५००३ हा सेन्सर अशा कितीतरी उपकरणांत असतो. त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे की १०० मायक्रोग्रॅमपर्यंत अचूकता अधिक-उणे १० मायक्रोग्रॅम. डबीने १२ म्हटलं तर ते २ असू शकतं, नाहीतर २२. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५साठी सुचवलेली वर्षाच्या सरासरीची मर्यादा आहे ५! आपल्याकडच्या २००९च्या मानकांत तीच मर्यादा ४० आहे आणि चोवीस तासांसाठी ६०, म्हणून आपल्याला डबी जरा तरी उपयोगाची ठरते. स्वच्छ हवेच्या एखाद्या युरोपीय गावात ती जवळपास निरुपयोगी असेल. आपली हवा इतकी वाईट आहे की स्वस्त यंत्रालाही ती कळते.

पीएम १०चा आकडा तर आणखी हलक्यानेच घ्यावा. तो चिमुकला पंखा जाड कण नीट आत ओढू शकत नाही, म्हणून तो आकडा बराचसा बारीक कणांवरून बांधलेला असतो. एकदा माळ्यावरच्या जुन्या रजया काढून झटकल्या. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ स्पष्ट तरंगत होती, मला शिंकांवर शिंका येत होत्या, आणि टेबलावरची डबी ढिम्म. २८ची कशीबशी ३४ झाली. संध्याकाळी आईंनी देव्हाऱ्यात एक उदबत्ती लावली. धुराची जेमतेम एक रेघ वर जाऊन छताखाली मोडत होती. दोन-तीन मिनिटांत डबीवरचा रंग हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा झाला आणि आकडा दोनशेच्या पुढे गेला. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझी डबी नास्तिक दिसते."

त्यांचा राग मला पटला. घरातल्या सगळ्यांना शिंकवणाऱ्या धुळीला डबी काही बोलत नाही आणि देवापुढच्या उदबत्तीवर मात्र तुटून पडते, हे कुणालाही अन्यायाचंच वाटेल. पण जळण्यातून निघणारे कण फार बारीक असतात, आणि डबीला तेच नीट दिसतात. आतवर जातात तेही तेच. रजईची धूळ बरीचशी नाकातच अडते, म्हणून तर शिंका येतात. मी हे समजावून सांगितल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे जे अंगावर दिसतं ते बरं आणि जे दिसत नाही ते वाईट. हे आम्हाला माणसांच्या बाबतीत माहीत होतं."

एक्यूआयकडे मी बघतच नाही, आणि कुणी विचारलं तर त्यांनाही तेच सांगते. भारताचा स्वतःचा निर्देशांक २०१५पासून आहे. त्यात पीएम २.५ चा आकडा ६० असेल तर निर्देशांक येतो १००, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकेच्या तक्त्यात त्याच ६०ला दीडशेच्या वर निर्देशांक येतो आणि तांबडा रंग लागतो. चीनचा तक्ता वेगळाच. डबीवर मात्र नुसतं 'एक्यूआय' लिहिलेलं असतं, कोणत्या देशाचा ते नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून चांगली जुंपली होती. बी विंगमधले काका म्हणत होते आमच्याकडे १५३, सी विंगमधले म्हणत होते १०१, आणि मग अपेक्षेप्रमाणे विषय बी विंगच्या कचऱ्यावर आणि तिथून पार्किंगवर गेला. दोन्ही घरांत हवा एकच होती, तक्ते दोन होते.

त्यात भर म्हणजे लोक डबी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अॅप शेजारी-शेजारी ठेवून बघतात. अॅपवरचा निर्देशांक मागच्या चोवीस तासांची सरासरी घेऊन काढलेला असतो. डबी या मिनिटाचं सांगते. दिवाळीच्या रात्री फटाके वाजत असताना अॅप शांत आणि डबी पेटलेली, दुसऱ्या दिवशी दुपारी डबी शांत आणि अॅप लालबुंद, यात खोटं कुणीच बोलत नसतं. तुलना करायचीच तर मायक्रोग्रॅममधला तासाचा आकडा घ्यावा, आणि आपण त्या केंद्राच्या जवळ राहतो का हेही बघावं.

मग डबी कामाची कशी? वर्षाने भेटणाऱ्या आत्याला तुमचं वजन विचारलं तर ती दहा किलोने चुकेल, पण "वाळलीस गं" किंवा "अंगाने भरलीस" हे तिचं कधी चुकत नाही. डबीचंही तसंच आहे. आत्ता किती, यापेक्षा मघाच्या मानाने किती, हे ती चांगलं सांगते. हे एकदा मनाशी ठरवलं की घेतानाच्या कसोट्याही बदलतात. यादी किती लांब आहे ते सोडून द्यायचं आणि आकडा किती लवकर चढतो, किती लवकर उतरतो, तशाच दुसऱ्या डबीशी जुळतो का, ते बघायचं. मी मैत्रिणीकडची त्याच जातीची डबी आणून दोन्ही शेजारी ठेवल्या. आकडे चार-पाचने वेगळे होते, पण दोन्ही एकत्रच चढत होत्या आणि एकत्रच उतरत होत्या. तिच्याकडे हवा शुद्ध करणारं मशीन आहे. त्याच्या तोंडाशी डबी धरली तर आकडा शून्य-एकवर येऊन थांबला. चांगल्या गाळणीतून आलेल्या हवेतही डबी दहा-बारा दाखवत असेल तर ती परत करावी.

कार्बन डायऑक्साइडची परीक्षा आणखी सोपी आहे आणि दुकानातच करता येते. खरा सेन्सर अवरक्त प्रकाश वापरतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनच्या आसपासची अवरक्त किरणं शोषून घेतो, ती किती शोषली गेली त्यावरून त्याचं प्रमाण कळतं. हा सेन्सर महाग असतो. म्हणून स्वस्त डब्यांत तो नसतोच. त्या हवेतल्या इतर वाफा हुंगतात आणि 'एवढ्या वाफा आहेत म्हणजे माणसं असतील, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही इतका असेल' असा तर्क लढवून आकडा ठोकून देतात. ओळखायचं कसं? हातावर सॅनिटायझर चोळून हात डबीजवळ न्यायचा. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, कार्बन डायऑक्साइड नसतो. तरीही आकडा ४५०वरून दोन-तीन हजारांवर उडाला तर डबी खाली ठेवून दुकानातून निघावं. मी हा प्रयोग केला तेव्हा दुकानदार पोरगा आधी खूश झाला, "बघा मॅडम, किती सेन्सिटिव्ह आहे!"

बाहेरच्या हवेत सध्या कार्बन डायऑक्साइड ४२०-४३० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२०-४३० भागांच्या, घरात असतो. हवाईतल्या मौना लोआ या पर्वतावर १९५८ साली मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो ३१५च्या आसपास होता. म्हणजे खरी डबी गच्चीवर नेऊन तासभर ठेवली की तिने त्याच सुमाराचा आकडा दाखवायला हवा. घरात हा आकडा आपल्याच श्वासाने वाढतो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ सालीच सांगून ठेवलं होतं की खोलीतलं हे प्रमाण हजारात एक, म्हणजे १००० पीपीएमच्या वर गेलं की ती हवा बरी नाही. हा वायू तेवढ्याने विषारी ठरतो असं त्याचं म्हणणं नव्हतं. खोलीतली हवा किती वेळा कुणाच्यातरी छातीत जाऊन आली, याची ती खूण. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ५००० पीपीएमपर्यंत चालतं असं अमेरिकेचा नियम सांगतो, तेव्हा १२००ला घाबरून जायचं कारण नाही. पण डोकं जड होणं, सकाळी उठून ताजं न वाटणं, आणि एकाचा सर्दी-ताप सगळ्यांना लागणं, याच्याशी त्या आकड्याचा संबंध जोडता येतो.

आमच्या झोपायच्या खोलीत एसी आहे. एसीतून बाहेरची ताजी हवा येते असं समजणारे कितीतरी सुशिक्षित लोक मला भेटलेत. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत घेतो, गार करतो, परत सोडतो. बाहेरच्या पेटीशी त्याचा संबंध फक्त वायू खेळवणाऱ्या नळ्यांचा. गणित करून बघा. झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ हजार लिटर हवा. दोन माणसं आणि फटीही बंद केलेल्या असतील तर तासाला सहाशे-सातशे पीपीएमची भर पडते. आमच्याकडे दार-खिडक्यांच्या फटीतून थोडी हवा खेळते, तरी पहाटे आकडा २३००च्या पुढे गेलेला असायचा. दाराला उशीचा अडसर लावून ते चार बोटं उघडं ठेवलं, तर तो हजार-बाराशेवर राहिला. एसीचं बिल थोडं वाढलं असेल. त्याची नोंद नवरा ठेवतो, मी ठेवत नाही.

आता स्वयंपाकघर. वरणाला नुसती हिंग-जिऱ्याची फोडणी दिली तर डबी जरा दचकते आणि शांत होते. मिरच्या तळल्या, पापड गॅसवर भाजला, किंवा तेल धूर येईपर्यंत तापलं की आकडा चारशे-पाचशेवर जातो आणि चिमणी लावली नसेल तर तो बाहेरच्या खोलीतही पोचतो. भाकरी भाजताना तव्यावर उडालेलं पीठ जळतं, त्यानेही चढतो. इथे डबीने मला एक उपयोगी गोष्ट शिकवली. चिमणी फोडणीनंतर लावून उपयोग नाही, गॅस पेटवायच्या आधी लावायची आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवायची. ज्यांच्या चिमणीला बाहेर जाणारा पाइप नाही, नुसती कोळशाची गाळणी आहे, त्यांनी डबी एकदा ओट्यावर ठेवून बघावी.

डासांच्या कॉइलबद्दल फार लिहायला नको. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरले होते. आमच्याकडे वॉचमनच्या केबिनमध्ये रात्रभर कॉइल जळते. डबी त्यांना दाखवली, आता तिथे जाळी बसवली आहे. आणि फटाक्यांत सगळ्यांत निरुपद्रवी समजली जाणारी नागगोळी, जी आपण दोन-तीन वर्षांच्या पोरांना पुढे बसवून पेटवतो, तिच्यातून सर्वांत जास्त पीएम २.५ निघतात, हे पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने काही वर्षांपूर्वी मोजून दाखवलं आहे. आवाज नाही म्हणून त्रास नाही, हा आपला जुना हिशेब.

खरी पंचाईत खिडकीने केली. लावली की कार्बन डायऑक्साइड चढतो, उघडली की पीएम २.५ चढतं. हिवाळ्यात तर हे ठरलेलंच. आईंची आयुष्यभराची सवय अशी की पहाटे साडेपाचला उठायचं, सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, सकाळची कोवळी हवा घरात घ्यायची. डबीने त्या वेळेला बाहेर ११० दाखवलं, दुपारी दोनला त्याच खिडकीत ३८.

"दुपारी रस्त्यावर एवढ्या गाड्या असतात, तेव्हा हवा चांगली? आणि पहाटे काळं कुत्रं नसतं तेव्हा वाईट?" आईंनी विचारलं.

"आई, गाड्यांपेक्षा हवा हलते की नाही याला जास्त महत्त्व आहे," मी म्हटलं आणि फळ्यावर काढते तसं पेपरच्या कोपऱ्यावर चित्र काढलं. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वरची हवा तिच्याहून उबदार राहते. मग संध्याकाळच्या गाड्यांचा धूर, वॉचमन लोकांच्या शेकोट्या, कुठेतरी पेटवलेला पालापाचोळा, सगळं त्या खालच्या थरात कोंडून पडतं. ऊन वर आलं की जमीन तापते, हवा वर उचलली जाते, वारं सुटतं आणि तो सगळा माल वर पसरून विरळ होतो. हवेचा अंदाज सांगणारी 'सफर' ही यंत्रणा ज्या संस्थेने उभी केली ती आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आमच्या पाषाणलाच आहे. तिथली माणसं हे कितीतरी वर्षं सांगत आली आहेत. पण शास्त्रज्ञांनी सांगणं वेगळं आणि आपल्या खिडकीत दिसणं वेगळं. आईंनी ते चित्र बघितलं, पेपर उलटा केला आणि म्हणाल्या, "आम्ही लहान होतो तेव्हा पहाटेची हवा खरंच चांगली होती." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा बहुधा ती होतीच.

तेव्हापासून नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या दुपारी बारा ते चार उघड्या आणि सकाळी बंद असं वेळापत्रक चालू आहे. पावसाळ्यात हे सगळं रद्द. तेव्हा बाहेरची हवा धुऊन निघालेली असते, खिडकी दिवसभर उघडी चालते. फक्त डबीचं तेव्हाचं ऐकायचं नाही. हवा दमट असली की कण पाणी धरून फुगतात, लेझरला मोठे दिसतात आणि आकडा उगाच चढतो. धुक्यातही तसंच. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर आर्द्रतेचा आकडा आधी बघावा आणि मग दुसरा.

मे महिन्यात डबीने एकदा धोक्याची घंटाच वाजवली. व्हीओसीचा आकडा तांबडा, फॉर्मल्डिहाइडचाही. नवीन फर्निचर नाही, रंगकाम नाही. प्लायवूड आणि त्याच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं, म्हणून नवीन मॉड्युलर किचन केलेल्या लोकांना मी आधी ते तपासायला सांगते, पण आमची कपाटं जुनी. शोधत शोधत पलंगाखाली गेले तर तिथे गवतात घातलेली हापूसची आढी. पेटीतले खालचे आंबे पिकून घमघमत होते. डबीच्या हिशेबी ते विषारी वायू होते. हे सेन्सर अल्कोहोल, अत्तर, आंबवलेलं पीठ, पिकलेलं फळ असल्या सगळ्या वाफांना एकाच मापाने मोजतात. त्या दिवसापासून व्हीओसी आणि फॉर्मल्डिहाइडच्या रकान्यांवर मी चिकटपट्टी लावली आहे.

डबीला जे दिसत नाही ते मात्र जास्त गंभीर आहे. पहिली गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. आमच्या शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे आणि खिडकीला थंडीत पुठ्ठा लावलेला असतो. ते मला म्हणाले, "आता तुमच्याकडे डबी आहे, एकदा बाथरूममध्ये ठेवून बघू." मी सरळ नाही म्हटलं. यात कार्बन डायऑक्साइड कळतो, मोनॉक्साइड कळत नाही, आणि बंद बाथरूममधला गॅस गिझर माणूस मारतो तो मोनॉक्साइडने, वास न येता. डबी हिरवी दिसली म्हणून निश्चिंत होण्यापेक्षा ती तिथे नसलेली बरी. पुठ्ठा काढा, गिझर बाहेर घ्या, एवढंच मी सांगितलं. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडही डबीला कळत नाही. आणि कबुतरं! आमच्या डक्टमध्ये त्यांची वस्ती आहे. त्यांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं श्वासात जाऊन काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. डबीच्या लेखी कबूतर अस्तित्वातच नाही.

बारीकसारीक गोष्टीही असतात. चार्जिंगला लावली की डबी तापते आणि तापमान दोन-तीन अंश जास्त दाखवते. कार्बन डायऑक्साइडचे बरेच सेन्सर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात, म्हणून डबी कायम बंद खोलीत ठेवली तर ती हळूहळू खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगायला लागते. तिला अधूनमधून गच्चीवर न्यावं. लेझरलाही आयुष्य असतं. काही सेन्सरांचं ८००० तासांच्या आसपास सांगतात, अखंड चालू ठेवली तर वर्षही पुरायचं नाही. आमची डबी लागेल तेव्हाच चालू असते.

वहीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. खोकल्याशेजारी आम्ही डबीवरचा पीएम २.५चा आकडा लिहायला लागलो. संध्याकाळी सातचा खोकला आणि देव्हाऱ्यातला धूप यांची जोडी इतकी चोख जुळली की आईंनी स्वतःच धुपाटणं गॅलरीत नेलं. देवापुढे आता फक्त निरांजन असतं. पहाटे चारच्या खोकल्याशेजारी मात्र आकडा कधी १०५, कधी ४०, कधी २२. काही मेळ बसेना. डॉक्टरांनी दोन्ही रकाने नीट वाचले आणि म्हणाले, दम्याचा त्रास पहाटे वाढतो तो शरीराच्या घड्याळामुळेही, सगळं हवेवर ढकलू नका. त्यांनी औषधाची वेळ बदलली. सातचा खोकला बराच गेला, चारचा थोडा आहे.

हल्ली डबी आईंच्या पिशवीत असते. त्यांचं भजनी मंडळ सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये जमतं, काचा बंद, एसी सुरू, तीसेक बायका आणि टाळ. पहिल्याच गुरुवारी दुसऱ्या अभंगापर्यंत कार्बन डायऑक्साइडचा आकडा २८००वर गेला आणि आईंनी तो माइकवरून जाहीर केला. आता मध्यंतरात खिडक्या उघडतात. एका बाजूच्या बायका म्हणतात रस्त्याचा आवाज येतो, दुसऱ्या म्हणतात येऊ दे. एसी बंद करून नुसते पंखे लावावेत का यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे, आणि आईंनी मला तिथे येऊन 'पीपीएम म्हणजे काय' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे.